पाटी पुसली, सातबारा राहिला

रस्ट नावाचा गेम खेळणाऱ्यांसाठी महिन्याचा पहिला गुरुवार म्हणजे सणही आणि सुतकही. त्या दिवशी जगभरातले सर्व्हर पुसले जातात. जागरणं करून उभारलेला बेस, दगडी भिंती, लोखंडी दारं, पेट्यांमध्ये साठवलेलं गंधक, सगळं जातं. नवा नकाशा उघडतो. काल ज्याच्या खांद्यावर रॉकेट लाँचर होता, तोही आज समुद्रकिनाऱ्यावर उघडाच जागा होतो. हातात एक दगड आणि एक मशाल. याला खेळाडू 'वाईप' म्हणतात.

वाईप का करतात याचं तांत्रिक उत्तर सोपं आहे. खेळाडूंनी बांधलेल्या वस्तूंच्या ओझ्यानं सर्व्हर रडतखडत चालायला लागतो आणि नवं अपडेट जुन्या नकाशावर नीट बसत नाही. खरं कारण मात्र माणसांचं आहे. पंधरा-वीस दिवसांत दोन-तीन मोठ्या टोळ्या सगळा नकाशा बळकावतात. नव्यानं आलेला माणूस लाकूड तोडायला वाकतो तोच दूरच्या बुरुजावरून गोळी येते. चार वेळा असं झालं की तो गेम बंद करून रील्स बघायला लागतो. हळूहळू सर्व्हर ओस पडतो आणि मग बळकट टोळ्यांनाही लुटायला कुणी उरत नाही.

वाईप कधीच केला नाही तर काय होतं, हेही बघता येतं. माइनक्राफ्टचा टू-बी-टू-टी नावाचा एक सर्व्हर डिसेंबर २०१० पासून चालू आहे आणि तो आजवर एकदाही पुसलेला नाही. नवा खेळाडू जिथे जन्माला येतो तो भाग इतक्या वर्षांच्या तोडफोडीनं पार भाजून निघालाय. खड्डे, लाव्हा, अर्धवट भिंती. हिरवं झाड दिसेपर्यंत उपाशीपोटी मैलोन्‌मैल चालायचं. बहुतेकजण त्याआधीच मरतात.

पण वाईपची एक बारीक मेख असते. बऱ्याच सर्व्हरवर नकाशा पुसतात, ब्लूप्रिंट मात्र ठेवतात. म्हणजे घर गेलं तरी बंदूक कशी बनवायची याचं शिकलेलं ज्ञान शाबूत. ब्लूप्रिंटही पुसले तरी डोक्यातलं कोण पुसणार? जुनी टोळी मिळून खेळते, कामं वाटून घेते, कुठे काय सापडतं हे तिला पाठ असतं. पहिल्या रात्रीतच तिच्या भिंती उभ्या राहतात आणि नवखा अजून दगडानं झाड ठोकतच असतो. म्हणून वाईपबद्दल काय पुसलं हे तर विचारायचंच, पण काय पुसलं गेलं नाही हे आधी विचारायचं.

हा प्रश्न घेऊन पवनारला जाऊ. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात धाम नदी येते. पात्रात काळे खडक, काठाच्या टेकाडावर विनोबांचा आश्रम. वर्धा-नागपूरकडच्या बहुतेकांनी हे ठिकाण शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं: आधी सेवाग्राम, मग पवनार, मग डबा. तिथे राहिलेल्या त्या कृश म्हाताऱ्याची आपल्या मनातली प्रतिमा शांत, स्थिर, मौनी अशी असते. माझ्या मते आधुनिक महाराष्ट्रात त्यांच्याइतके वाईप कुणी केले नाहीत. स्वतःचे केले, आश्रमाचा केला, आणि १९५६ च्या अखेरीला एका देशव्यापी चळवळीचा केला. तो शेवटचा वाईप फारसा कुणाला आठवत नाही. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

त्याआधी गावाबद्दल थोडं, कारण पवनारला पुसलं जाण्याची जुनी सवय आहे. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने नंदिवर्धन सोडून प्रवरपूर ही नवी राजधानी वसवली. हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. मनसरला उत्खनन झाल्यावर काही अभ्यासक मनसरकडे बोट दाखवतात आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण पवनार वाकाटक काळात नांदतं होतं यात शंका नाही. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे खोदलं, तेव्हा सातवाहन, वाकाटक आणि पुढच्या वस्त्यांचे थर एकावर एक मिळाले. अकबराच्या काळात आइन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचं नाव येतं, म्हणजे एका मोठ्या प्रशासकीय विभागाचं ते मुख्य ठाणं होतं. १८६२ मध्ये इंग्रजांनी नागपूरमधून वेगळा जिल्हा काढला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी आखीव रस्त्यांचं कोरं करकरीत वर्धा शहर वसवलं. पवनार बाजूला राहिलं. राजधानी, मग ठाणं, मग नुसतं गाव.

प्रवरपुराहून सुटलेला एक ताम्रपट इथे महत्त्वाचा आहे. तो अमरावती जिल्ह्यात, अचलपूरजवळच्या चम्मक या गावी सापडला. प्रवरसेनानं आपल्या राज्यकाळाच्या अठराव्या वर्षी चर्मांक हे गाव, राजमापानं आठ हजार भूमी इतकं, एक हजार ब्राह्मणांना दान दिलं. (प्रत्यक्षात नावं खोदलीत एकोणपन्नास. बाकीच्यांचं काय झालं हा प्रश्न दीड हजार वर्षं तसाच पडून आहे.) गाव कुठलं, कुठल्या नदीकाठी, कोणते कर माफ, कोणते शिपाई आत यायचे नाहीत, सगळं तपशिलात. आणि शेवटी अटी. राजद्रोह करायचा नाही, चोरी-खून करायचे नाहीत, युद्ध करायचं नाही, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. यातलं काही केलंत तर राजानं जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. गेमच्या सर्व्हरवर शिरताना आपण न वाचता ज्या अटी मान्य करतो, त्यांचा हा चांगलाच जुना पूर्वज म्हणायचा. जमिनीचं दान टिकवायचं तर ते कुठे आणि कसं नोंदवायचं, याची जाण त्या राजाच्या कारकुनांना पक्की होती. तांब्यावर खोदलं म्हणून तर आपण ते आज वाचतोय.

आता विनोबा. विद्यार्थी असताना बडोद्याला एका संध्याकाळी ते चुलीपाशी बसून कागद जाळत होते. आईनं विचारलं काय जाळतोस, तर म्हणाले, शाळा-कॉलेजची सर्टिफिकिटं. नको असतील तर नको, पण ठेवली तर बिघडलं कुठे, असं आईचं म्हणणं. पुढे लागलीच तर, हा मोह होऊ नये म्हणूनच ते जाळत होते. कविता करायचे तर त्याही मनासारख्या झाल्या की अग्नीला द्यायचे. काशीला गेल्यावर गंगेला. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईची गाडी धरली आणि सुरतेला उतरून काशीची पकडली. जुनं खातं बंद करून नवं उघडायची ही रीत त्यांची पहिल्यापासूनची.

१९२१ मध्ये ते वर्ध्याला आले, १९३२ च्या अखेरीस नालवाडीला गेले. १९३८ पर्यंत प्रकृती इतकी खालावली की वजन ८८ पौंडांवर आलं. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितलं. यांनी निवडलं पवनार, जिथे जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. धामचा पूल ओलांडताना विनोबांनी तीनदा 'संन्यस्तं मया' म्हटलं, म्हणजे सगळं सोडलं. डोक्यातली कामं, जबाबदाऱ्या, चिंता पुलाच्या अलीकडे टाकून दिल्या. धामच्या पलीकडचं म्हणून जागेचं नाव ठेवलं परंधाम. मग शेतात खोदायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, मग रोज थोडं वाढवत. तब्येत सुधारली, आणि कुदळीला भलतंच काही लागलं.

मूर्ती निघाल्या. त्यातल्या एका शिल्पात भरत आणि राम यांची भेट आहे असं विनोबांनी ओळखलं. आता गंमत अशी की १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना (साने गुरुजी ते टिपून घेत होते) याच भेटीचं चित्र कुणी काढलं तर किती सुंदर होईल, असं ते म्हणाले होते. सहा वर्षांनी ते चित्र दगडात कोरलेलं पायाखाली सापडलं. विनोबांना त्यात ईश्वरी संकेत दिसला. माझ्यासारख्याला दुसरंच दिसतं: सगळं सोडून कोऱ्या जागी आलेल्या माणसाची जागा मुळात कोरी नव्हती. खाली दीड हजार वर्षं पडून होती.

१९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते १७ ऑक्टोबरला पवनारमध्येच भाषण करून उभे राहिले, पुढे तुरुंगांत गेले. तो भाग सर्वांना माहीत आहे. १९४८ चं साल मात्र इथे हवं. २९ जानेवारीला, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवशी, गांधीजींनी काँग्रेससाठी नव्या घटनेचा एक मसुदा लिहिला. काँग्रेसचं काम झालं, आता ती विसर्जित करावी आणि तिच्या जागी लोकसेवक संघ उभा राहावा, असा त्याचा गाभा. स्वतंत्र भारताचा सर्वात मोठा वाईप झालाच नाही. १२ फेब्रुवारीला गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धाममध्ये विसर्जित झाला; त्या दिवशी तिथे दरवर्षी मेळा भरतो. मार्चमध्ये सेवाग्रामला सगळी मंडळी जमली आणि सर्वोदय समाज स्थापन झाला: सभासदत्व नाही, शिस्तभंगाची कारवाई नाही, पदाधिकाऱ्यांची उतरंड नाही. विनोबांना संघटना या गोष्टीचंच भय वाटत असे, आणि त्या वर्षी तसं वाटायला कारणही ताजं होतं. प्रत्यक्ष कामासाठी मात्र सर्व सेवा संघ ही रीतसर संस्था निघाली. एकात काही बांधलेलं नाही आणि दुसऱ्यात सगळं बांधलेलं. हे दुहेरी जोडकाम पुढे कामाला आलं आणि नडलंही.

१९५० च्या सुरुवातीला परंधामात कांचनमुक्ती सुरू झाली. पैसा वापरायचा नाही. बैलही नाहीत, शेती माणसांच्या हातांनी, साध्या अवजारांनी. तिला नाव दिलं ऋषिशेती. विहिरीचं पाणी माणसांनी रहाट फिरवून काढायचं. शिकली-सवरलेली तरुण पोरं उन्हात जू ओढल्यासारखी गोल फिरताहेत. हातात दगड आणि मशाल घेऊन मुद्दाम खेळ सुरू करणं म्हणजे हेच. मला यात एक प्रामाणिकपणा दिसतो: भूमिहीन माणूस जिथून सुरुवात करतो तिथून सुरुवात करून बघू. पण एक फरक उरतोच. यातला कुणीही कुठल्याही दिवशी नदी ओलांडून परत जाऊ शकत होता. भूमिहीनाला परत जायला काही नसतं. शिक्षण, ओळखी, इंग्रजी ही यांची ब्लूप्रिंट कांचनमुक्तीनं पुसली नव्हती.

८ मार्च १९५१ ला विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मागे सोडलेल्या मुलखात सरकारी वाईप लागू होत होता. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी रद्द झाली, गावंच्या गावं सरकारजमा झाली. पण मालगुजाराची घरची शेती, सीर आणि खुदकास्त, त्याच्याकडेच राहिली. नकाशा पुसला, ब्लूप्रिंट ठेवली. गावातली सर्वात काळीभोर जमीन कोणाच्या घरच्या शेतीत होती हे सांगायला नको. पुढे तेलंगणात तिसराच प्रकार चालू होता: कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा. रात्री जमीन वाटायची, दिवसा पोलीस येऊन परत घ्यायचे.

१८ एप्रिलला पोचमपल्लीत चाळीस दलित कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली आणि व्ही. रामचंद्र रेड्डी यांनी शंभर दिली. पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. मला पाच मुलगे असतील तर सहावा समजून माझा हिस्सा द्या, हा विनोबांचा हिशेब. त्यावरून देशातल्या तीस कोटी एकरांपैकी पाच कोटी १९५७ पर्यंत, हे उद्दिष्ट. सप्टेंबरमध्ये ते पवनारहून पुन्हा निघाले, दिल्लीकडे, आणि त्या चालण्यातून पवनारला परतायला १९६४ चा एप्रिल उजाडला.

दान घेणं म्हणजे एक कागद भरणं. दानपत्र. ते घेतलं की खरं काम सुरू होई. जमीन गावात कुठे आहे ते शोधायचं, सर्व्हे नंबर जुळवायचा, देणाऱ्याच्या नावावर ती खरंच आहे का बघायचं, सभेची दवंडी द्यायची, भूमिहीनांना गोळा करायचं, कुणाला किती ते सर्वांसमोर ठरवायचं, निदान एक तृतीयांश दलितांना जाईल हे पाहायचं, मग तलाठ्याकडे नोंद. बऱ्याच दानपत्रांवर पुरता तपशीलच नसे. काही जमीन खडकाळ, काही जंगलात, काही कोर्टात अडकलेली. हे काम जिल्ह्याजिल्ह्यांतल्या भूदान समित्या करत. कार्यकर्ते पूर्णवेळ होते, त्यांच्या पोटापाण्याचा बराचसा पैसा गांधी स्मारक निधीतून येई. विनोबा चालायचे, त्यांच्या मागे हे सगळं कारकुनी शेपूट सरपटत यायचं. भूदानावरच्या लिखाणात त्या शेपटाला फार थोडी जागा मिळते. माझ्या मते चळवळीचा कणा तोच होता.

आणि तोच मोडला. १९५६ चा नोव्हेंबर महिना तसाही पुसापुशीचा. १ तारखेला राज्यं नव्यानं आखली गेली. वर्धा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं. विनोबा तेव्हा तमिळ मुलखात पदयात्रेवर होते. मुरुगनच्या डोंगरासाठी प्रसिद्ध असलेल्या पळणी या गावी सर्व सेवा संघाची बैठक झाली. तिथे दोन गोष्टी ठरल्या. निधिमुक्ती: गांधी स्मारक निधीचे पैसे यापुढे घ्यायचे नाहीत. तंत्रमुक्ती: देशभरातल्या भूदान समित्या वर्षअखेरीस विसर्जित करायच्या. १ जानेवारी १९५७ ला चळवळ चालू, पण तिचं ना कार्यालय ना पगार. सत्तावनच्या उद्दिष्टाचं वर्ष उजाडत असताना.

असं का केलं? विनोबांचा युक्तिवाद हलका नव्हता. भूदान हे 'भूदानवाल्यांचं' काम होऊन बसलं होतं. गावकरी म्हणायचे, तुमच्या समितीचे लोक येतील तेव्हा बघू. संस्था सेवा करू शकते, तिच्याकडून क्रांती होत नाही; पगार थांबल्यावर जे उरेल तीच लोकशक्ती, असं त्यांचं म्हणणं. शिवाय साचलेला निधी, साचलेली पदं, त्यांभोवती साचणारी माणसं. मोठ्या टोळ्यांनी सर्व्हर बळकावावा तसं आपल्याच संघटनेनं आपलीच चळवळ बळकावू नये. हे भय खोटं नव्हतं. स्वातंत्र्याआधीचे किती त्यागी पुढे खुर्चीला चिकटले, हे त्या पिढीनं दहा वर्षांत पाहिलं होतं.

तरीही एक गोष्ट खटकते. सगळ्यांना तंत्रातून मुक्त करायचा निर्णय झाला तो एका माणसाच्या शब्दावर. विनोबांकडे पद नव्हतं. म्हणूनच त्यांना कुणी आडवं जाऊ शकलं नाही. पदावरच्या माणसाला निदान मुदत असते, त्याच्याविरुद्ध मत देता येतं. ज्याच्याकडे कसलाच अधिकार नाही अशा अ‍ॅडमिनला कसं हटवणार?

परिणाम लगेच दिसले नाहीत. उलट १९५७ साल बाहेरून वैभवाचं दिसतं. सप्टेंबरमध्ये म्हैसूरजवळ येलवालला परिषद भरली. नेहरू, राजेंद्रप्रसाद, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद, सगळे एका मांडवात बसून ग्रामदानाला पाठिंबा देऊन गेले. दरम्यान गावागावांत काय राहिलं होतं? कपाटं, आणि कपाटांत दानपत्रं. वाटप आधीपासूनच रेंगाळत होतं, त्याचा सगळा दोष पळणीवर टाकणं अन्यायाचं होईल. पण रेंगाळलेलं काम पुढे रेटणारी माणसं पोटासाठी दुसरीकडे गेली. काहींनी घरचं खाऊन काम चालू ठेवलं; अशा माणसांबद्दल लिहायला शब्द कमी पडतात, आणि त्यांची संख्याही कमी पडली. एकूण जमलेली जमीन ४२ लाख एकरांच्या आसपास. साठचं दशक संपताना त्यातली सुमारे एक तृतीयांशच वाटली गेली होती.

आता आपला सुरुवातीचा प्रश्न. पळणीला काय पुसलं गेलं नाही? तलाठ्याचं दप्तर पुसलं गेलं नाही. सातबारा जिथल्या तिथे होता. दान देऊन टाकलेल्या पण नावावरून न उतरलेल्या जमिनी जुन्याच मालकांच्या, पुढे त्यांच्या मुलांच्या नावावर राहिल्या. बाप देऊन गेला असेल, आम्हाला काही माहीत नाही. कोर्ट होतं, वकील होते, सावकार होता. राज्यांनी केलेले भूदान कायदे आणि त्यांखालची सरकारी मंडळं होती. विदर्भातल्या भूदान जमिनींचा कायदा १९५३ चा, तोही नावानं 'मध्य प्रदेशचा'. राज्य बदललं, सीमा बदलल्या, कायद्याच्या कपाळावरचं नाव राहिलं. म्हणजे सरकारचं तंत्र शाबूत, जमीनदाराचं शाबूत. मोडलं ते एकच तंत्र, जे भूमिहीनाच्या बाजूनं कागद हातात घेऊन चावडीवर जात होतं.

राजा प्रवरसेन दान देई तेव्हा त्याचे अधिकारी तांब्यावर खोदून, साक्षीपुरावे करून ते घेणाऱ्याच्या हातात ठेवत. तिथे घेणारे राजाच्या मर्जीतले होते हे खरं. इथे घेणारा गावातला सर्वात दुबळा माणूस, आणि त्याच्याकडे त्याच्या दानाचा साधा कागदही कित्येकदा नसे. दानपत्र द्यायचं होतं समितीला. समिती विसर्जित.

विनोबांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांची पुढची चाल बघा. जमिनीचे तुकडे गोळा करण्यापेक्षा अख्ख्या गावानंच मालकी ग्रामसभेकडे द्यावी, हे ग्रामदान. ते जड जातंय असं दिसल्यावर साठच्या दशकात सुलभ ग्रामदान आलं: मालकी गावाची, पण कसायला जमीन ज्याची त्याच्याकडेच, फक्त विसावा हिस्सा भूमिहीनांना. पुन्हा तेच, नकाशा पुसा आणि ब्लूप्रिंट ठेवा. जहालांनी नाकं मुरडली. पण यात एक शहाणपण होतं, कारण आता मालकीच कायद्यानं बदलणार होती, म्हणजे निदान यावेळी दप्तराला हात घातला होता. महाराष्ट्रानं १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदा केला. तो बहुतांशी पडून राहिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २०१३ मध्ये त्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेला दिल्या, विनोबा जाऊन तीस वर्षं उलटल्यावर. मेंढ्याकडे त्याआधी अनेक वर्षांचे अभ्यासगट होते, सर्वसंमतीची सवय होती, वनहक्काचे कागद स्वतः वाचून लढवलेले होते. तिथलं ग्रामदान कोऱ्या पाटीवर झालं नाही.

पवनारमध्ये विनोबांनी उभं केलेलं जे टिकलं, त्याचीही चाल अशीच आहे. २५ मार्च १९५९ ला, स्वतः शेकडो मैल दूर असताना, त्यांनी परंधामात ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. स्त्रियांचा समुदाय. ब्रह्मविद्या, संन्यास, सामूहिक साधना यांच्या परंपरेत बाईला जागाच नव्हती, ती इथे बाईच्या हाती दिली. मुख्य कुणी नाही. निर्णय सगळ्यांच्या एकमतानं. शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळ्यांनी. हा त्यांच्या वाईपांपैकी मला सर्वात धाडसी वाटतो. तंत्रमुक्तीसारखंच इथेही पद नाही, पण रोजची कामं कुणी करायची ते ठरलेलं आहे आणि ती रोज होतात.

१९६४ मध्ये परतल्यावर विनोबा याच बायकांमध्ये राहिले. १९७० पासून त्यांनी पवनार सोडायचं नाही असं ठरवलं, डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन पाळलं, आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये दिवाळीच्या दिवसांत अन्नपाणी-औषध बंद करून १५ तारखेला गेले. शेतातून निघालेली शिल्पं आश्रमात नीट लावलेली आहेत. भरत-राम भेटीसमोर रोज प्रार्थना होते. आणि ज्यानं चुलीपाशी बसून सर्टिफिकिटं जाळली, कविता गंगेत सोडल्या, त्याचं भाषण, पत्र, टिपण असं जे जे हाती लागलं ते तिथल्या बहिणींनी गोळा केलं, तारखा लावल्या, मुद्रितं तपासली आणि परंधाम प्रकाशनाकडून खंडांमागून खंड काढले.